नीतिसूत्रे, अध्याय बत्तीस

सवाई बेट, सामोआ
सोमवार, ५ ऑगस्ट १९९६

चि. फेतू हिस आजी फुआटिनोचे अ. उ. आ. व प्रभूत सलाम.

सांगते मी, लिहिताहेत आपल्या पाळकीणबाई आनेता. हे दर पत्रात सांगावं लागतं, कारण मागच्या खेपेस तुझा गोरा नवरा म्हणाला म्हणे की आजीचं अक्षर फार वळणदार आहे. ब्रूसला सांग, चौऱ्याऐंशी वर्षांत मी एक अक्षर काढलेलं नाही आणि पुढेही काढणार नाही. लिहिता येणारी माणसं विसरायला मोकळी होतात. मला ती सोय नाही.

इकडे सर्व क्षेम. पाळकसाहेबांचं चर्चमधलं कालचं प्रवचन इतकं लांबलं की तापल्या दगडांत ठेवलेली अळूची पानं करपली, नारळाचं दूध गेलं ते गेलंच. हे लिहिताना पाळकीणबाईंनी हात आखडला आहे. मी म्हटलं, लिहा बाई, करपलेलं तुमच्याच ताटात गेलं होतं. तुझ्या फालानिकोमामाची बस अजून चालते. ब्रेकपेक्षा भोंगा बरा आहे. बसच्या कपाळावर अकरा वर्षांपूर्वी त्याने आपल्या घरच्या वचनाचा आकडा रंगवला होता, 'नीतिसूत्रे ३२:३', त्याला यंदा नवा लाल रंग दिला. वाचता येत नसलं तरी लाल रंग मला वळणावरून दिसतो.

आता कामाचं. पेनिना सात वर्षांची झाली. आपल्या घरात सातव्या वर्षी मूल ऑक्टोबरातल्या पांढऱ्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून बायबलातलं घरचं वचन म्हणतं. मी म्हटलं. फालानिकोने म्हटलं, मधे शिंकून. तुझ्या आईने म्हटलं, देव तिला सुखात ठेवो. तिच्यामागे मी तुला वाढवलं आणि तूही म्हटलंस, एका दमात, जणू मागे कुत्रं लागलं होतं. तू चर्चला किती जातेस ते मी विचारत नाही. विचारलं तर तू खोटं बोलशील आणि एका पापाची दोन होतील. पण वचन चुकायचं नाही. तू विसरली असशील म्हणून पुन्हा सांगते:

'शेजाऱ्याची चूल विझली असेल तर आधी तिकडे निखारा ने, मग आपले अन्न शिजव. निखारा दिल्याने कमी होत नाही, आणि परमेश्वर धूर पाहून घर ओळखतो. नीतिसूत्रे, अध्याय बत्तीस, वचन तीन.'

कानातून शिकव, कागदावरून नको. कागदावरून शिकलेलं कागदावरच राहतं. आणि तिचा पांढरा फ्रॉक गुडघ्याखाली असू दे.

माझी माया टपालाने पाठवली आहे, ती पोचल्याचं कळव.

तुझी आजी फुआटिनो

---

ऑकलंड
शुक्रवार, २३ ऑगस्ट १९९६

ती. आजीस फेतूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि मायाही पोचली, थोडी चेपलेली. इथे थंडी अजून हटत नाही. ब्रूस मजेत आहे. तो अजून अळकुडीला लोणी लावून खातो, मी बघायचं सोडून दिलं आहे.

पेनिनाचं वचन चार दिवसांत पाठ झालं. अंघोळ करताना म्हणते, बाहुलीकडून म्हणवून घेते, बाहुली चुकली की माझ्या चपलेने जमिनीवर ठोकते. ठोकायचं तिला मी शिकवलेलं नाही. सरावाला मुलं चुकली की तू बाकावर ठोकतेस तो हातपंखा ती तीन वर्षांची असताना एकदाच पाहून गेली होती, तरी. तिचे उच्चार बापासारखे आहेत, पण तुला कळतील. फ्रॉक घोट्यापर्यंत आहे, म्हणजे तुझी तक्रार नको. यंदा इथल्या आपल्या लोकांच्या चर्चमध्ये ती म्हणणार, पुढच्या वर्षी तिकडे आणू.

बाकी सर्व ठीक. मामाला नमस्कार.

तुझ्या पंख्याच्या धाकातली,
फेतू

(सोबतचा दुसरा कागद)

आ. पाळकीणबाई यांस फेतूचा सा. न. वि. वि.

हा कागद फक्त तुमच्यासाठी आहे. आजीला वाचून दाखवू नका.

इथल्या रविवारच्या शाळेत प्रत्येक मुलाने आपलं वचन पुस्तकातून बघून कार्डावर उतरवून आणायचं असतं. पेनिना बापाला घेऊन बसली. ब्रूसने आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी बायबलला हात लावला नव्हता. त्याला बत्तिसावा अध्याय सापडेना. त्याला वाटलं, आमच्या प्रतीचं पान फाटलं आहे. शेजाऱ्यांची प्रत आणली. मग दुकानात जाऊन उभ्याने चाळली. सगळीकडे नीतिसूत्रे एकतिसाव्या अध्यायाला संपतात, पाळकीणबाई. मग आकडा चुकला असेल म्हणून त्याने शब्द शोधले. चार संध्याकाळी सगळी नीतिसूत्रे वाचली, आता स्तोत्रांत शिरला आहे. निखारा नाही, चूल नाही, धूर पाहणारा परमेश्वर नाही.

पेनिनाने विचारलं की पणजीचं वचन पुस्तकात नसेल तर बाकीचं पुस्तक कुणी तपासलं आहे का.

आणि माझं ऐका. पेनिना सातव्या महिन्यात जन्मली, पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. त्या पाच आठवड्यांत मला दुसरी प्रार्थना सुचली नाही. त्या पेटीला हात लावून मी हे एवढंच म्हणत होते. मी चर्चला क्वचित जाते, हे तुम्हाला आणि आजीला दोघींना ठाऊक आहे. माझ्या विश्वासाची सगळी पुंजी म्हणजे हे एक वाक्य. ते देवाचं नसेल तर मी तेव्हा कुणाचा हात धरला होता?

आजीला कळलं तर ती लाजेने अर्धी होईल. आणि त्या बसचं काय करायचं? तुम्हीच काहीतरी मार्ग सुचवा.

आपली,
फेतू

---

सवाई
शुक्रवार, ६ सप्टेंबर १९९६

प्रिय फेतू हिस आनेताचे सप्रेम आशीर्वाद.

हे पत्र माझं आहे, कुणी सांगितलेलं नाही. म्हणून वाक्यं जरा अडखळतील.

आधी माझा कबुलीजबाब. आम्हाला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. आमची या गावी नेमणूक झाली तेव्हा बोटीवरून सामानासकट तुझ्या मामाच्याच बसने आलो. बस समोर येऊन थांबली, यांनी कपाळ वाचलं आणि मला हळूच विचारलं की आनेता, नीतिसूत्रांचे अध्याय किती. मी म्हटलं, आहेत तेवढेच असतील. यांनी ठरवलं की सोमवारी म्हातारीशी बोलायचं. त्या रविवारी तुझ्या आजीने भाजलेलं डुकराचं पिलू पाठवलं. सोमवारी बोलवेना. पुढच्या सोमवारीही तेच. नऊ वर्षं झाली. आमच्या घरात एखादं काम टाळायचं असलं की आम्ही 'ते फुआटिनोचं सोमवारी बघू' असं म्हणतो.

आता झालं ते. तुझं पत्र आलं, मी पहिला कागद चांगला रंगवून वाचला. आजी पंखा हलवत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली की पाकीट उघडताना दोन कागदांचा आवाज आला होता. मी म्हटलं, दुसरा कोरा आहे. त्यावर ती म्हणाली की ऑकलंडची माणसं कोऱ्या कागदाला टपालखर्च करत नाहीत, आणि वाचता येत नाही म्हणून मोजता येत नाही असं नाही. पाळकाच्या बायकोने एका दिवसात किती खोटं बोलावं, फेतू? मी वाचला. काचेच्या पेटीपाशी मीच अडले. तिने पाणी दिलं आणि पुढे वाच म्हणाली.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने माझं बायबल मागितलं, नीतिसूत्रांच्या शेवटच्या पानावर तिचा हात मला ठेवायला लावला आणि अध्याय मोजायला सांगितले. मी पानं उलटत मोठ्याने एकतीसपर्यंत मोजले. तिने पुन्हा मोजायला लावले. मग ती उठली आणि तुझ्या मामाच्या उभ्या बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसली.

सांगायला अवघड आहे, पण तुला कळायला हवं. काल संध्याकाळी टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरची घंटा वाजवून मुलांना वचनांच्या सरावाला जमवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा तुझी आजी आली नाही. निरोप आला की खोटी वचनं शिकवणाऱ्या बाईच्या हाती मुलं देऊ नयेत. चाळीस मुलं बसून राहिली. एक जण चुकला, आणि पंखा ठोकायला कुणी नव्हतं तर तो आणखीच गोंधळला.

अर्धा दोष तुझा, अर्धा माझा. दुसरा कागद वेगळ्या पाकिटात घालायला हवा होतास.

काळजीत, पण तुझीच,
आनेता

---

सवाई
मंगळवार, १० सप्टेंबर १९९६

चि. फेतू हिस आजीचे अ. उ. आ.

पहिली गोष्ट, रडू नकोस. दुसरी, माझ्यापासून काही लपवायचं असेल तर पातळ कागद वापर.

मी दोन दिवस बसमध्ये बसले. त्याचा अर्थ कुणाला कळला नाही. फालानिकोला तर मी आत आहे हेच कळलं नाही. सकाळी त्याने बस सुरू केली आणि मला घेऊन बाजारापर्यंत गेला. लोक चढले, एक बाई टोपलीसकट माझ्या मांडीवर बसली, तिने विचारलं की म्हातारे, एवढ्या सकाळी कुठे. मी म्हटलं, नीतिसूत्रांच्या पुढे. येताना समुद्राकाठच्या वळणावर मला आठवलं. बस हलली की डोकंही हलतं.

अठरा साली तापाची मोठी साथ आली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. घरात वाचता येणारा एकच, माझा बाप. रोज संध्याकाळी तो पुस्तक वाचायचा, आम्ही ऐकायचो. नोव्हेंबरात तो गेला, त्याच आठवड्यात माझे दोन भाऊ. शाळेचे गुरुजी गेले, त्यांची बायको गेली, म्हणून तर माझी शाळा झाली नाही. नवा पाळक येईपर्यंत मी अळकुड्यांची कावड उचलायला लागले होते.

पुढच्या वर्षी पांढरा रविवार आला. मी सात वर्षांची. वचन कोण देणार? घरात पुस्तक होतं, वाचणारा नव्हता. शेजारच्यांना वाचता येत होतं, पण माझी आई एलिसापेता मानी बाई. मेलेल्या नवऱ्याचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात देणार नाही. तिने ते मांडीवर घेतलं, उघडलं आणि मला वचन सांगितलं. सत्त्याहत्तर वर्षं मी समजत होते की तिने वाचून सांगितलं. वळणावर मला दिसलं की तिने पान उलटलंच नव्हतं. ती पुस्तकाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या मागे चुलीकडे.

साथीत किती घरं अशी होती की चूल पेटवायला कुणी उठू शकत नव्हतं. माझी आई स्वतः तापातून उठलेली, पहाटे बाहेर उभी राहायची आणि बघायची, कुठल्या घरातून धूर निघत नाही. तिकडे करवंटीत निखारे घेऊन जायची. आमचं अन्न मागाहून शिजायचं, मला भूक लागायची, मी रडायचे. तिने केलं तेच तिने मला वचन म्हणून सांगितलं. दुसरं तिच्याजवळ काय होतं?

आता आकडा. हे मी पाळकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली, पुन्हा उचलून दिली मी. त्या साथीत आमच्या गावातली बत्तीस माणसं मातीत गेली. त्यातली तीन आमच्या घरची. अध्याय बत्तीस, वचन तीन. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, मोजता येत होतं. त्यांच्या कबरीवर नाव लिहिलेला दगड नाही, एकच मोठा खड्डा होता. तिने माझ्या तोंडून तो आकडा सगळ्या गावापुढे म्हणवला. मी म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मला वाटलं, मी फार छान म्हटलं.

तर हे असं आहे. पण फेतू, मी हट्टी आहे, चोर नाही. देवाचं म्हणून म्हटलेलं वचन देवाचं नव्हतं. पेनिनाला छापलेलं एखादं छोटं वचन दे, तिने तेच म्हणावं. मी यंदा पांढऱ्या रविवारी घरी बसेन. फालानिकोला बसवरचा आकडा खरवडायला सांगितलं आहे. तो म्हणतो, नवा रंग निघत नाही. निघेल.

तू कुणाचा हात धरला होतास ते मला सांगता येत नाही. पाळकसाहेबांना विचार. त्यांच्या सोमवारांचं बाईंनी मला कबूल केलं आहे, उत्तराची तयारी करायला त्यांना नऊ वर्षं मिळाली आहेत.

तुझी आजी, तशीच्या तशी आहे,
फुआटिनो

---

ऑकलंड
शुक्रवार, २७ सप्टेंबर १९९६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र एकाच कागदावर आहे, हवं तर पाळकीणबाईंकडून झाडून घे. विमानतळावर गावचं कुणी भेटलं की त्याच्या हाती देते, म्हणजे लवकर पोचेल.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि तिथेच खाली बसले. ब्रूसने विचारलं तेव्हा त्याला वाचून दाखवलं. तो उठून पुस्तक घेऊन आला. त्याला शोधताना एक जागा सापडली होती, तेव्हा तिचं महत्त्व कळलं नव्हतं म्हणाला. नीतिसूत्रांचा शेवटचा, एकतिसावा अध्याय, त्याची पहिलीच ओळ. एका राजाचे बोल आहेत, आणि ते त्याला त्याच्या आईने शिकवले असं तिथे लिहिलं आहे. राजाचे नाहीत, आजी, आईचे. तिने कुठून वाचले ते लिहिलेलं नाही. ब्रूस म्हणतो की पुस्तक तिथे आईपाशी येऊन थांबतं, आणि तुझी आई त्याच्या पुढच्याच अध्यायाचा आकडा सांगते, हे तिला ठाऊक नव्हतं म्हणूनच त्याला नवल वाटतं. असं बोलणारा माणूस मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. शोधायचं ते मिळालं तरी त्याचं वाचन थांबलेलं नाही. काल विचारत होता की माशाने गिळलेल्या योनाला त्याने नेमकं कुठे ओकलं.

आता पेनिनाचा पराक्रम ऐक. समोर टोंगाहून आलेलं एक कुटुंब राहायला आलंय. मंगळवारी त्यांच्याकडची वीज गेली, तारेत काहीतरी बिघाड होता. मी सोया घालून शेवयांची मोठी कढई केली होती, झाकून ठेवली आणि अंघोळीला गेले. बाहेर येते तर कढई नाही. चोर आला म्हणावं तर दार आतून लावलेलं. पेनिना आणि तिचा बाप हाताची घडी घालून बसले होते. कढई समोर गेली होती. मी ओरडले की थोड्या आपल्यासाठी तरी ठेवायच्या. तर ती शांतपणे म्हणाली की वचनात थोड्या ठेवायचं नाही, आधी तिकडे ने असं आहे. मी म्हटलं, अगं ते वचन पुस्तकात नाही हे तुला ठाऊक आहे ना. त्यावर म्हणाली की म्हणून तर ते कुणीतरी केलं पाहिजे, नाहीतर ते राहणार कुठे.

आम्ही पाव खाल्ला. समोरच्यांनी परवा कढई परत पाठवली, भरून.

मी तिला छापलेलं छोटं वचन दाखवलं. तिने ते पाठ केलं, पण कार्डावर उतरवायला नकार दिला. स्वतः जाऊन रविवारच्या शाळेच्या बाईंना सांगून आली की माझं वचन माझ्या खापरपणजीचं आहे, तिला लिहिता येत नव्हतं. बाई म्हणाल्या की कुणाचं आहे ते खरं सांगून म्हणणार असशील तर म्हण. आणि तुला तिचा निरोप आहे, जसाच्या तसा: पणजी घरी बसणार असेल तर मीही घरी बसेन. मी समजावून पाहिलं. हा हट्ट कुणाकडून आला ते शोधायला मला पुस्तक चाळावं लागत नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कढईच्या रात्री अर्धं मिळालं. उरलेलं अर्धं पाळकसाहेबांनी द्यावं.

तुझ्या हो किंवा नाहीची वाट बघते. हो असू दे.

तुझी,
फेतू

---

सवाई
सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६

चि. फेतू, चि. पेनिना आणि जावईबापू ब्रूस या तिघांस आजीचे अ. उ. आ. व प्रभूत सलाम.

आज सुट्टी. कालच्या पांढऱ्या रविवारने सगळं गाव दमलं आहे. पाळकीणबाईही दमल्या आहेत, तरी लिहिताहेत. नऊ वर्षांच्या पिलांची फेड चालू आहे.

तुझं पत्र शुक्रवारी हाती आलं. सात वर्षांच्या पोरीने मला धमकी दिली. तिला शिक्षा कर, आणि मग माझ्यातर्फे एक पापा घे. मी त्याच पावली पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, आज सोमवार समजा आणि बोला. त्यांना घाम फुटला. मग ते म्हणाले की फुआटिनो, चूक पत्त्याची आहे. पत्ता चुकला म्हणून कुणी पत्र फेकत नाही, पत्ता दुरुस्त करतात. फेतूला सांगा, विस्तव कुणाच्याही करवंटीतून आला तरी पहिल्यांदा पेटवणारा एकच आहे, तिने त्याचाच हात धरला होता. मी त्यांना म्हटलं की हे तुमचं आजवरचं सगळ्यात छोटं प्रवचन आहे, आणि अळूची पानं करपायच्या आत संपलं. ते हसले. ते हसतात हे मला ठाऊक नव्हतं. तिथूनच दुकानात जाऊन तुला फोनवर हो सांगितलं.

काल मी पांढरे कपडे घातले आणि मुलांच्या रांगेत शेवटी उभी राहिले. माझ्या पुढचं पोर पाच वर्षांचं, त्याने मागे वळून विचारलं की तू कुठल्या वर्गात. पंखा मी एका पोरीच्या हातात दिला होता, कारण आपणच म्हणायचं आणि आपणच ठोकायचं हे बरं दिसत नाही. माझी पाळी आली. आधी पत्ता नीट सांगितला: माझी आई एलिसापेता, साथीतल्या बत्तिसांपैकी एकाची बायको आणि दोघांची आई, तिने सांगितलेलं वचन. मग म्हणायला लागले. चूल झाली, निखारा झाला, निखारा दिल्याने कमी होत नाही इथपर्यंत आले, आणि थांबले.

विसरले, फेतू. मी. साठ वर्षं दुसऱ्यांची वचनं दुरुस्त करणारी बाई. समोर माना खाली घालणारे ते म्हातारे आता कुणी उरले नाहीत, त्यांच्या जागी त्यांची नातवंडं मान वर करून बघत होती, ते बघताना पुढचं गेलं. तेवढ्यात पंखा ठोकला गेला, बाकावर, जोरात. आणि चाळीस पोरं एका सुरात म्हणाली की परमेश्वर धूर पाहून घर ओळखतो. त्यांना मी ते वचन कधीच शिकवलं नव्हतं. ते आपल्या घरचं होतं, मी कुणाला दिलं नव्हतं. दर वर्षी सरावाला मी आपल्याशी पुटपुटते ते ऐकून ऐकून त्यांनी ते नेलं होतं, आणि मला पत्ताच नाही. कमी काही झालेलं नाही, मोजून पाहिलं.

मग मुलांची पंगत आधी बसली, मोठ्यांनी वाढलं. वचन म्हटलं म्हणून मीही मुलांत बसले. पाळकसाहेबांनी मला आइस्क्रीम वाढलं, मी दोनदा घेतलं. दुपारी दुकानात तुझा फोन आला तेव्हा अर्धं गाव मागे उभं होतं. तिकडे चर्चमध्ये म्हटलेलं वचन पेनिनाने फोनवर पुन्हा म्हटलं, ते सगळ्यांनी ऐकलं. उच्चार गोऱ्याचे आहेत, पण एकदाही थांबली नाही. माझ्यापेक्षा बरी. दुकानदाराने विचारलं की हिला शिकवलं कुणी. मी म्हटलं, एका कढईने.

बसचं सांगायचं राहिलं. फालानिकोने आकडा खरवडला नाही. शनिवारी त्याने 'नीतिसूत्रे' एवढंच पुसलं आणि त्या जागी 'एलिसापेता' असं रंगवलं. ३२:३ तसंच आहे. काल सकाळी पाळकीणबाईंनी वाचून दाखवलं. मला वाचता येत नाही म्हणून मी हात लावून पाहिलं, तर रंग ओला. पांढऱ्या कपड्यांवर लाल डाग घेऊन मी काल सगळ्या गावापुढे उभी होते आणि मला कुणी सांगितलं नाही. आज सकाळी पुन्हा त्या नावाला अंगठा लावला, म्हटलं वाळला का बघू. नव्हता. या पावसाळी हवेत वाळायला आठवडा जाईल.

म्हणून या पत्राखाली अंगठ्याचा लाल ठसा दिसेल, तो डाग समजून पुसू नका. चौऱ्याऐंशी वर्षांत मी पहिल्यांदा स्वतः काहीतरी लिहिलं आहे, आणि त्यात माझ्या आईचं नाव आहे. पेनिनाला म्हणावं, जपून ठेव. पुढच्या वर्षी ती येईल तेव्हा मी तिच्याच तोंडून ते ऐकेन. चुकली तर ठोकायला पंखा आहेच.

इकडे चुलीतून धूर निघतो आहे, म्हणजे आम्ही आहोत असं समजा. तिकडचा धूर पत्रातून कळवत जा.

तुमची,
(लाल अंगठा)